जुन्या खतावणीतली लाल शाई

‘आदरणीय ताई,

मी आमच्या पतसंस्थेत १४ वर्षं आहे. चोपडा, यावल, रावेर, अमळनेर, पारोळा ते थेट शिरपूर अशा २६ शाखा. प्रत्येक शाखेत वेगळा जुना प्रोग्रॅम. ते सगळं काढून एकच मध्यवर्ती कोअर बँकिंग प्रणाली आणायची, कर्जमंजुरी मुख्य कार्यालयात घ्यायची आणि सभासदांना मोबाइलवर सेवा द्यायची, असं ठरलं. दसऱ्याला मला या कामाचा प्रमुख नेमलं. कंपनी पुण्याची. चेअरमन साहेबांनी सभेत आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) मुहूर्त जाहीर करून टाकला, सगळ्या शाखा एकाच दिवशी. ज्येष्ठ कर्मचारी समोर ‘हो’ म्हणतात आणि मागे कागद दाबून ठेवतात. ज्या शाखाधिकाऱ्यांनी मला तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाकींचा ताळा) जुळवायला शिकवली, ते आता माझ्याशी बोलत नाहीत. संचालक मला वगळून थेट शाखांत फोन करतात. रात्री झोप लागत नाही. माणसं बदलायला तयारच नसतील तर प्रमुखानं कठोर व्हावं का?

– आपला, तापीकाठचा एक वाचक’

प्रिय भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा लक्ष आखाजीच्या तारखेकडे गेलं. दुसऱ्यांदा मी तेरीज शिकवणाऱ्या त्या शाखाधिकाऱ्यांवर अडकले. तुमच्या कामाची गाठ मला तिथंच दिसते, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते.

मी एका सहकारी संस्थेत एकविसाव्या वर्षी लेखनिक म्हणून लागले आणि तिथूनच अधिकारी होऊन निवृत्त झाले. २००३ साली आमच्याकडे हातानं लिहिलेल्या खतावण्या सोडून संगणकावर जायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. कर्जविभागात एक अण्णा होते, निवृत्तीला आठ महिने राहिलेले. ते म्हणायचे, ‘बाई, घाई करू नको, या वह्यांत बरंच काही आहे.’ मला वाटलं, अण्णांना संगणकच नको आहे. मी त्यांना बाजूला बसवलं. ते निवृत्त झाले तेव्हा हार घातला, नारळ दिला आणि सुटकेचा श्वास सोडला. नोंदी भरायला बाहेरची मुलं लावली, दर नोंदीमागे पैसे ठरवून.

मुलांनी आकडे बिनचूक भरले. समासात लाल शाईनं लिहिलेलं मात्र कुणीच भरलं नाही, कारण पडद्यावर समासाला रकानाच नव्हता. दुष्काळात व्याज गोठवलेली खाती, वारसांत वाटणी होऊन उरलेली बाकी, संचालक मंडळाच्या ठरावानं दिलेली सूट, हे सगळं त्या लाल शाईत होतं. मार्चअखेर संगणकानं सगळ्यांना सारखंच व्याज लावलं आणि वसुलीच्या नोटिसा निघाल्या. एक म्हातारी पारोळ्याकडून एसटीनं आली, नवऱ्याच्या नावाची नोटीस पदराच्या गाठीत बांधून. नवरा वारून सहा वर्षं झाली होती. त्याचं कर्ज मिटल्याची नोंद समासात होती, अण्णांच्या अक्षरात. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, पण तिच्याकडे बघण्याचा धीर झाला नाही.

अण्णांना घरून बोलावून आणावं लागलं. ते दोन महिने रोज आले, एकेक खातं माझ्यासमोर उलगडून दाखवलं आणि एकदाही ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणाले नाहीत. ते बोलले असते तर मला हलकं वाटलं असतं.

म्हणून विचारते, तुमचे शाखाधिकारी ‘नाही’ म्हणतात ते नेमकं कशाला? तुम्ही सगळ्या ‘नाही’ची एकच मोट बांधली आहे. माझ्या अनुभवात तिचे तीन प्रकार निघतात. पहिला, अण्णांचा: त्याला काहीतरी ठाऊक असतं, पण ते सांगायला जागा मिळत नाही. दुसरा, भीतीचा. चहाच्या टपरीवर तुमचा एखादा रोखपाल अहिराणीत हळूच विचारत असेल, ‘आते मन्हं काय काम शे?’ पन्नाशीच्या माणसाला हा प्रश्न आतून पोखरतो. मंजुरी मुख्य कार्यालयात गेली की शाखाधिकाऱ्याला गावात कोण विचारणार, लग्नाच्या पंगतीत त्याला पुढे कोण बसवणार, हेही त्यातच आलं. तिसरा प्रकार थोड्यांचा: मागच्या तारखेच्या नोंदी, नात्यातली कर्जं, फिरवाफिरवी करून नियमित दाखवलेली थकबाकी. नव्या प्रणालीत हे उघडं पडणार म्हणून ते अडवतात.

बाहेरून तिघांचंही वागणं सारखंच दिसतं, ‘हो साहेब’ म्हणायचं आणि कागद दाबायचा. तिघांना एकच काठी लावली तर पहिला कायमचा गप्प होतो, दुसरा राजीनाम्याचा विचार करू लागतो आणि तिसरा त्या दोघांच्या आड लपतो. कठोर व्हा, पण तिसऱ्याशी, आणि तेही लेखापरीक्षणाच्या रस्त्यानं. प्रकल्पाच्या बैठकीत ते प्रकरण काढू नका, नाहीतर उद्यापासून प्रत्येकाला वाटेल की हा प्रकल्प चोर पकडायला आणलाय.

जाणती माणसं आधी घालवली आणि प्रणाली नंतर आणली तर काय होतं, याचं मोठं उदाहरण कॅनडाचं आहे. तिथल्या केंद्र सरकारनं कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी ‘फिनिक्स’ नावाची नवी प्रणाली फेब्रुवारी २०१६ पासून सुरू केली. वाचवलेल्या पगारांतून पैसा सुटेल या हिशेबानं खात्याखात्यांतल्या सुमारे १२०० पगार-लेखनिकांच्या जागा काढल्या आणि मिरामिशी नावाच्या एका गावात साधारण ५५० जणांचं केंद्र उभं केलं. कोणाची रजा कशी धरायची, कोणाचा भत्ता कोणत्या करारातला, हे ज्यांना तोंडपाठ होतं ते घरी गेले होते. मग कुणाला जास्त पगार, कुणाला कमी, कुणाला शून्य. वर्षानुवर्षं हे निस्तरणं चाललं. २०१८ मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांनी त्याला ‘अनाकलनीय अपयश’ म्हटलं. कॅनडासारख्या श्रीमंत देशाच्या सरकारला हे भोवलं, भाऊ. आपल्या २६ शाखांची काय कथा.

तेव्हा पहिलं काम: चेअरमन साहेबांच्या सहीचं एक पत्र प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावानं काढा. त्यात गोड शब्द नकोत. नव्या व्यवस्थेत तुमचं काम काय असेल, कोणता अधिकार कमी होईल, कोणता वाढेल, प्रशिक्षण कधी, पगाराला धक्का लागणार की नाही, एवढंच लिहा. जिथं अजून ठरलं नसेल तिथं ‘हे ठरलेलं नाही, अमुक तारखेला कळवू’ असं लिहा आणि त्या तारखेला खरंच कळवा. चार-पाच जणांच्या जागा जाणार असतील तर त्यांना ते तुमच्या तोंडून, समोर बसवून कळलं पाहिजे, कंपनीच्या पोरांकडून नाही. मंडळ असं पत्र द्यायला तयार नसेल तर समजा, मंडळानंच अजून ठरवलेलं नाही. मग आधी तिकडं जा.

दुसरं काम माझ्या चुकीतून आलेलं आहे. प्रत्येक शाखेत एक जाड वही ठेवा आणि तिला अपवादांची वही म्हणा. ‘नियमाप्रमाणे असं, पण आपल्याकडे या खात्याला तसं करतो’ असं जे जे असेल ते ज्येष्ठांनी त्यात लिहायचं, आणि ज्याला लिहायचा कंटाळा असेल त्याच्याशेजारी एखाद्या तरुण लेखनिकाला बसवायचं. एकाच गावात एकाच नावाचे चार पाटील, त्यातला कोण कोणाचा जामीनदार. अंगठा देणाऱ्या आजीचे पैसे कोणत्या नातवाकडे द्यायचे आणि कोणत्या नातवाकडे मुळीच नाही. केळीचा ट्रक गेल्यावर हप्ता भरणारा रावेरचा शेतकरी, जो तारखेनं थकबाकीदार दिसतो पण गेल्या वीस वर्षांत एकदाही बुडवलेला नाही. कंपनी तुम्हाला ‘गरजांची यादी’ मागते ना? ती यादी या वहीतून निघाली पाहिजे. वहीतल्या निम्म्या गोष्टी बंद करण्याजोग्या असतील, त्या खुशाल बंद करा. पण कळून-सवरून बंद करा.

आणि या वहीवर काम करणाऱ्यांची नावं लिहा. ‘माहिती: अमुक, ३१ वर्षं सेवा.’ या एका ओळीनं माणसाची मान वर येते.

आता तारखेबद्दल. सगळ्या शाखा एका दिवशी हे ऐकूनच माझ्या छातीत धस्स झालं. ब्रिटनमधल्या टीएसबी नावाच्या बँकेचं उदाहरण घ्या. एप्रिल २०१८ मध्ये तिनं एका शनिवार-रविवारात आपले सुमारे ५० लाख ग्राहक जुन्या प्रणालीवरून नव्यावर हलवले. लगेचच गोंधळ. जवळपास १९ लाख लोकांना आपलंच खातं उघडेना. मुख्य अधिकाऱ्याला त्याच वर्षी पद सोडावं लागलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला सुमारे ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला. त्यांच्यामागे मोठी मूळ कंपनी होती, तग धरून राहिले. तुमच्यामागे काय आहे? आपल्या भागात पतसंस्थांत ठेवी अडकल्याच्या जखमा लोक विसरलेले नाहीत. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे न मिळालेली घरं तुम्हालाही माहीत असतील. सभासदाला मोबाइलवर एक दिवस बाकी शून्य दिसली की तो ‘तांत्रिक अडचण’ हे शब्द ऐकायला थांबणार नाही. संध्याकाळपर्यंत शाखेसमोर रांग लागेल, आणि रांग बघून आणखी रांग.

आपल्याकडे यावर फार जुनं शहाणपण आहे. साक्री-धुळ्याकडे पांझरा नदीवरची फड पद्धत तुम्ही ऐकली असेल. तीन-चारशे वर्षांची ही पाण्याची व्यवस्था शेतकऱ्यांनी स्वतः चालवली. बंधाऱ्याखालच्या रानाचे फड, म्हणजे तुकडे, पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. वर्ष कमी पाण्याचं दिसलं की त्या वर्षी किती फड भिजवायचे ते आधीच बसून ठरवायचं. सगळीकडे थोडं थोडं शिंपडून सगळंच वाळवायचं नाही. तुमच्याकडचं पाणी म्हणजे तयार झालेली माणसं. प्रणाली नीट कळलेले किती जण आहेत आज? आठ? दहा? एवढ्या पाण्यात २६ शाखा भिजणार नाहीत.

शिवाय आखाजी येते एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पूर्वार्धात. तेव्हा मार्चअखेरची वसुली नुकती संपलेली असते, ताळेबंद लेखापरीक्षकाच्या टेबलावर असतो. ज्या आरंभीच्या शिलका नव्या प्रणालीत चढवायच्या, त्याच पक्क्या झालेल्या नसतात. वरून ४५ अंशांचं ऊन आणि वेळी-अवेळी जाणारी वीज.

पण चेअरमन साहेबांनी सभेत शब्द दिलाय, तो मोडायला लावू नका. मुहूर्त आखाजीचाच ठेवा, शाखा एकच घ्या. नारळ तिथं फुटू द्या. ती शाखा सर्वांत हुशारही नको आणि सर्वांत अडलेलीही नको, मधली निवडा, जिथं ठेवी, पीककर्ज, सोनेतारण, पिग्मी सगळे प्रकार असतील. त्या शाखेत जुनं आणि नवं दोन्ही बरोबर चालू द्या. मे आणि जून, अशा दोन महिनाअखेरी तेरीज दोन्हीकडे पैशापर्यंत जुळली, की मगच पुढे. आषाढ-श्रावण-भाद्रपदात पावसामुळे माणूस शेतात असतो, हातात पैसा नसतो, शाखेत गर्दी कमी असते. त्या तीन महिन्यांत आधी चार, मग आठ, मग आठ शाखा घेता येतील. दसऱ्याला हात थांबवा. दिवाळी आणि कापसाचा पैसा यायच्या दिवसांत काउंटरवर प्रयोग नकोत. उरलेल्या पाच जानेवारीत.

हे चेअरमन साहेबांना मंडळाच्या बैठकीत सांगू नका. आधी एकटे घरी जा, कॅलेंडर घेऊन जा. चारचौघांत तारीख मागे घ्यायला लावलेला अध्यक्ष ती कधीच मागे घेत नाही, पण बैठकीत हेच वेळापत्रक स्वतः मांडायला तो आनंदानं तयार होतो. त्यांना एकच गोष्ट लेखी मागा: तेरीज जुळली नाही तर पुढची शाखा घ्यायची नाही, आणि हा निर्णय तुमचा. हा अधिकार मिळत नसेल तर प्रमुखपद नावापुरतं आहे, आणि नावापुरतं पद घेऊन रात्री जागण्यात अर्थ नाही.

संचालकांच्या फोनांसाठी परत फडाकडेच येते. तिथं निर्णय शेतकऱ्यांचा, पण पाणी द्यायचं काम नेमलेल्या पाटकऱ्याचं. मालक कितीही मोठा असो, आपल्या वावरात स्वतः पाणी वळवायचं नाही. तुमच्या मंडळात हे मोकळेपणानं बोला. पाणी कोणत्या फडाला, ते मंडळानं ठरवावं, पण दार उघडणारा हात एकच असावा. दर सोमवारी संचालकांना एक पानभर माहिती स्वतःहून पाठवा: काय झालं, काय अडलं, या आठवड्यात कोणती शाखा बोंब मारेल. फोन करणारे निम्मे लोक केवळ कळत नाही म्हणून करतात. उरलेल्यांसाठी शाखाधिकाऱ्यांना एक वाक्य द्या: ‘साहेब, नोंद करून प्रमुखांना कळवतो.’ आणि असं म्हणणाऱ्या शाखाधिकाऱ्याच्या मागे तुम्ही उभे राहा. पहिल्यांदा उभे राहिला नाहीत, तर दुसऱ्यांदा तो हे वाक्य म्हणणार नाही.

कंपनीबद्दल फार लिहीत नाही. पैशाचे हप्ते तारखांना बांधू नका, जुळलेल्या शाखांना बांधा. सकाळी दहा वाजता फैजपूरच्या काउंटरवर पडदा गोठला तर कोण येणार आणि किती तासांत, हे करारात हवं. आणि सगळी माहिती संस्थेची, करार तुटला तर वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळणारी. हे वकिलाकडून तपासून घ्या.

यापेक्षा मला सातबाऱ्याचं बोलायचं आहे. हस्तलिखित सातबारे संगणकावर गेले तेव्हा चुका खूप होत्या, क्षेत्र चुकलेलं, नाव गळालेलं. २०१७ मध्ये सरकारनं गावोगाव चावडी वाचन घेतलं. संगणकातला सातबारा गावासमोर वाचायचा, चूक असेल तर खातेदारानं तिथंच सांगायची. पुढच्या वर्षी १ मे रोजी डिजिटल सहीचा सातबारा आला. सगळ्या चुका निघाल्या असं मी म्हणणार नाही, लोक आजही दुरुस्तीसाठी हेलपाटे घालतात. पण ज्याचा सातबारा, त्याच्या कानावर तो आधी पडला पाहिजे, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. तुमच्या पहिल्या शाखेत हेच करा. नवी प्रणाली सुरू व्हायच्या आधी प्रत्येक सभासदाला त्याच्या खात्याची छापील चिठ्ठी द्या: ठेव इतकी, कर्ज इतकं, जामीनदार अमुक, वारस तमुक. बाजाराच्या दिवशी शाखेसमोर मांडव घाला, टेबल टाका. जुळलं तर सही किंवा अंगठा, नाही जुळलं तर अपवादांची वही उघडा. आणि त्या टेबलामागे तुमच्या ज्येष्ठांना बसवा. लोक त्यांनाच ओळखतात. म्हातारा सभासद संगणकावर विश्वास ठेवणार नाही, पण ‘भाऊसाहेब, तुम्ही पाह्यलं ना?’ असं विचारेल, आणि ते ‘हो, पाह्यलं’ म्हणाले की निर्धास्त घरी जाईल. ज्या माणसाला वाटत होतं की आता आपलं काम नाही, त्याला त्या दिवशी दुपारचा डबा उघडायला सवड मिळणार नाही.

झोपेबद्दलही लिहिलं आहे तुम्ही. रात्री ज्या गोष्टी डोक्यात येतात त्या उशाशी कागदावर लिहा आणि सकाळी बघा, त्यातल्या किती तुमच्या हातातल्या आहेत. माझ्या वेळी मी हे सगळं घरी कुणाला बोलले नाही आणि पित्ताच्या गोळ्यांवर दोन वर्षं काढली. तुम्ही वहिनींशी बोला. आखाजीला बहिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात. सकाळी नारळ फुटला की त्या दिवशी दुपारी तुम्ही घरी असा.

आणि या रविवारी त्या शाखाधिकाऱ्यांच्या घरी जा. फोन करून वेळ मागू नका, आपल्याकडे शिकवणाऱ्याच्या घरी असंच जातात. लॅपटॉप नेऊ नका, कंपनीचा माणूस नेऊ नका. प्रकल्पाचं समर्थन करू नका. ‘तुम्ही मला तेरीज शिकवली, आता मला अपवादांची वही लिहायची आहे आणि पहिलं पान तुमच्याकडून हवंय’ एवढं म्हणा आणि कोरी वही पुढे ठेवा. ते रागावतील, रागावू द्या. तीन महिने आपल्याला कुणी काही विचारलं नाही, हे ते बोलून दाखवतील, आणि ते खरं असेल, तेव्हा ‘चुकलं’ म्हणा. मग बहुधा ते चष्मा शोधायला आत जातील.

पहिल्या शाखेची दुसरी तेरीज जुळली की मला दोन ओळी लिहा. नाही जुळली तर कितीनं चुकली तेही लिहा.

तुमची,
ताई